कळ थांबली, दाढ वाचली नाही

मध्यरात्री दाढेतून उठलेली कळ कानशिलाला जाऊन भिडते, तेव्हा लवंगेच्या तेलाचा बोळा दाबून बसलेल्या मनुष्याला सुटकेवाचून दुसरे काहीच सुचत नाही. आणि तीच कळ चार दिवसांनी आपोआप ओसरली की संकट टळले, अशी त्याची प्रामाणिक समजूत होते. ही समजूत मला किडीइतकीच घातक वाटते. कारण कळ पुष्कळदा थांबते ती दातातला जिवंत गाभा मेल्यामुळे. त्या मृत गाभ्यात जंतूंची वस्ती निर्वेध वाढत राहते आणि मुळाच्या टोकातून उतरून जबड्याच्या हाडात पू धरते.

रूट कॅनालचा सारा खटाटोप या गाभ्यासाठी आहे. दाढ बधिर करून, वरून लहानसे द्वार पाडून, केसासारख्या बारीक कानशींनी मुळांतील नलिका घासायच्या, जंतुनाशक द्रावणाने त्या पुनःपुन्हा धुवायच्या आणि कोरड्या झाल्यावर गटापर्चाने, म्हणजे मलायातील एका वृक्षाच्या चिकापासून होणाऱ्या व एके काळी समुद्रतळाच्या तारायंत्राच्या तारांना वेष्टन म्हणून वापरलेल्या द्रव्याने, टोकापर्यंत बंद करायच्या, असे हे चिकाटीचे काम. वरच्या पहिल्या दाढेला मुळे तीन असली तरी नलिका बहुधा चार निघतात. ती चौथी सापडेपर्यंत डॉक्टरांचा वेळ गेला, तर तो व्यर्थ गेला असे समजू नये.

मात्र एवढ्याने दाढ वाचली असे होत नाही. किडीने आणि द्वाराने पोखरलेल्या तिच्या भिंती चावण्याचा भार फार काळ सोसत नाहीत, म्हणून वर कॅप बसवावी लागते. आणि दुखणे थांबलेले असल्यामुळे नेमका हाच शेवटचा फेरा तहकूब होतो. माझ्या थोरल्या बंधूंनी तो सात महिने तहकूब ठेवला. एके दुपारी जेवणानंतर सुपारीचे खांड चावताना खालची दाढ उभी चिरली, चीर मुळापर्यंत गेली आणि ती काढण्यावाचून इलाज उरला नाही. आता मागची दाढ त्या फटीकडे कलली आहे, वरची खाली उतरू लागली आहे.

बंधूंची हयगय मी नाकारीत नाही. परंतु कॅपची रक्कम त्यांना प्रथम कळली ती नलिका भरून झाल्यावर, हेही तितकेच खरे. मोजक्या मिळकतीच्या माणसाने ऐनवेळी एवढ्या पैशांची तजवीज कोठून करावी? पुष्कळशा आरोग्यविम्यांत अपघात वगळता दातांच्या उपचाराला थारा नाही, आणि दाढ उपटणे त्या मानाने कितीतरी स्वस्त पडते. म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे की, पहिल्याच बैठकीत, सुई टोचण्यापूर्वी, कॅपसह संपूर्ण खर्चाचा लेखी अंदाज रुग्णाच्या हाती पडावा. विम्याने हा खर्च मान्य करावा. आणि सरकारी दवाखान्यांत जेथे दाढ काढून मिळते, तेथे ती राखण्याचीही सोय, कॅपसकट, असावी.