वेशीबाहेरचे पाणी

गेल्या महिन्यात सांवेर रोडवरील एका स्नेह्यांच्या कारखान्यात सत्यनारायणाची पूजा होती. मोटारीत आम्ही पाच जण होतो. कोणाच्या तरी भाचीच्या लग्नाची हकीकत रंगात आली होती. बाणगंगा मागे पडली, औद्योगिक वसाहत सुरू झाली आणि एका नाल्याच्या पुलाजवळ तो परिचित वास आला. कोणी काही बोलले नाही. पुढच्या गृहस्थांनी काच वर केली, मागच्यांनी केली, आमचाही हात नकळत काचेकडे गेला. लग्नाची हकीकत एक शब्दही न गळता पुढे चालू राहिली. पूल ओलांडल्यावर काचा पुन्हा खाली आल्या.

पूजा झाली, प्रसाद झाला. परंतु काचेकडे गेलेला आपलाच हात आमच्या मनातून जाईना. आजचे हे चार शब्द त्या हाताविषयी आहेत.

इंदूरच्या मराठी घरांना सांवेर रोड परका नाही. रामबागेतून, लोकमान्य नगरातून सकाळी डबा घेऊन सायकलीवर तिकडे जाणारी माणसे आपल्यापैकी अनेकांच्या घरात होती. कोणी तेथे फिटर होते, कोणी हिशेबनीस, कोणी कर्ज काढून लहानशी शेड उभारलेली. कापड गिरण्यांचे भोंगे एकामागून एक बंद पडले तेव्हा याच रस्त्याने कितीतरी चुली पेटत्या ठेवल्या. त्यामुळे या रस्त्याला नावे ठेवणे आम्हांस शोभणार नाही. परंतु त्याच दिशेने आपली एक नदीही उत्तरेकडे जाते, तिची विचारपूस करणे मात्र राहून गेले आहे.

ती नदी म्हणजे खान. सरकारी कागदांत आता तिला कान्ह म्हणतात. शहराच्या दक्षिणेकडून ती येते, सरस्वती तिला मिळते, होळकरांच्या कृष्णपुऱ्यातील छत्र्या तिच्याच काठी उभ्या आहेत. गाव सोडून ती सांवेर तालुक्यातून वाहत जाते आणि उज्जैनच्या वेशीवर, त्रिवेणीच्या शनिमंदिरापाशी, क्षिप्रेला मिळते. म्हणजे शहराच्या मोऱ्यांतून आणि कारखान्यांच्या गटारांतून आपण जे जे सोडून देतो त्याचा मुक्काम उज्जैनला आहे. त्याच क्षिप्रेवर आपण सिंहस्थाचे स्नान करतो, वडीलधाऱ्यांच्या अस्थी विसर्जित करतो आणि तांब्यात तीर्थ भरून घरी आणतो.

याहून विचित्र प्रवास नर्मदेच्या पाण्याचा आहे. इंदूरला पाणी पुरेना तेव्हा १९७० साली नर्मदेसाठी आंदोलन झाले. १९७८ मध्ये जलूदहून उपसलेले पाणी घाट चढून शहरात आले. त्या दिवसांतील आनंद ज्येष्ठांना आजही आठवत असेल. हे पाणी आपल्या न्हाणीघरांतून आणि स्वयंपाकघरांतून खानमध्ये आणि तेथून क्षिप्रेत जाते. क्षिप्रा आटली व बिघडली, म्हणून २०१४ साली तिच्या उगमाजवळ उज्जैनी येथे पुन्हा नर्मदेचेच पाणी चढवून सोडण्यात आले. एका हाताने मळवायचे आणि दुसऱ्या हाताने, डोंगरावरून पाणी आणून, धुवायचे. २०१६ च्या सिंहस्थापूर्वी खान नदीचे पाणी नळ घालून उज्जैनच्या घाटांना वळसा देऊन पुढे सोडण्याची योजना झाली. २०२८ च्या सिंहस्थासाठी तशीच आणखी मोठी बंद वाट हाती घेण्यात आली. घाट त्यामुळे स्वच्छ राहील. परंतु घाटाच्या पुढेही गावे आहेत, याचा विसर पडू नये.

आता कोणी म्हणेल, हा प्रश्न नगरपालिकेचा आणि इंजिनिअरांचा. यात तत्त्वज्ञान कोठून आले? आमच्या मते सगळा प्रश्नच तत्त्वज्ञानाचा आहे. ‘आत’ आणि ‘बाहेर’ यांच्यामध्ये आपण जी रेघ ओढतो ती कोठे ओढायची, हाच पर्यावरणवादाचा गाभा होय.

नॉर्वेचे तत्त्वज्ञ आर्ने नेस यांनी १९७३ साली पर्यावरणविचाराचे दोन प्रकार सांगितले. एक उथळ, दुसरा सखोल. पहिला विचार प्रदूषणाकडे आपल्या प्रकृतीला आणि सुखसोयींना अपाय होतो एवढ्यापुरते पाहतो. दुसरा विचारतो की, या सृष्टीत माणसाचे स्थान काय, आणि इतर जिवांना त्यांच्या परीने जगण्याचा अधिकार आहे की नाही. नेस हे गांधीजींचे अभ्यासक होते, तेव्हा हा विचार आपणांस अगदी परका वाटण्याचे कारण नाही. तरीही तो आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडत नाही, असे १९८९ साली रामचंद्र गुहा यांनी दाखवून दिले. भरल्या पोटी अरण्याचे रक्षण करणे वेगळे आणि त्याच अरण्यावर ज्यांची चूल पेटते त्यांनी त्याचे रक्षण करणे वेगळे.

आपल्या देशातील चळवळी या दुसऱ्या जातीच्या आहेत. २६ मार्च १९७४ रोजी गढवालातील रेणी गावी गौरादेवी आणि त्यांच्या सोबतिणी झाडे तोडणाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी कोणताही ग्रंथ वाचलेला नव्हता. जंगल गेले तर सरपण जाते, झरा जातो आणि दरड घरावर येते, हे त्यांना ठाऊक होते. आपल्याच निमाडात नर्मदेच्या काठी जे आंदोलन झाले तेही प्रथम घरादारांचे, शेतांचे आणि मग नदीचे होते. वरोऱ्याचे आनंदवन उभारणारे बाबा आमटे १९९० मध्ये उतारवयात बडवानीजवळ कसरावदला येऊन राहिले, ते याच माणसांसाठी. त्यांच्या सर्व मतांशी सहमत असलेच पाहिजे असे नाही. परंतु या चळवळींनी एक गोष्ट कायमची शिकविली: विकासाचा हिशेब मांडताना पाणी जेथून सुटते त्या बाजूला उभे राहून भागत नाही, ते जेथे पोहोचते तेथेही जाऊन पाहावे लागते.

आणि हे सर्व शिकण्यासाठी इंदूरकराला गढवालपर्यंत जाण्याची गरज नव्हती. आपल्याच गावात हा धडा दोनदा शिकविला गेला होता.

पहिला धडा पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश पंडितांचा. प्लेगने गाव हैराण झाले असता होळकर दरबाराने त्यांना नगररचनेसाठी बोलाविले. त्यांनी दिवाळीला मिरवणूक काढविली. ज्या वाटेवरील घरे अधिक स्वच्छ त्या वाटेने ती जावयाची, तिच्यात सफाई कामगारांना मानाचे स्थान द्यावयाचे आणि रोगराईच्या राक्षसाचे दहन करावयाचे. लोकांनी घरे-अंगणे घासूनपुसून लख्ख केली. १९१८ च्या आपल्या अहवालात त्यांनी बजाविले की, शहराचा मैला मोठमोठ्या गटारांवाटे नदीत ढकलू नये. तो मातीत, बागांत जावा. एका गावाची घाण दुसऱ्या गावाच्या पाण्यात सोडणे याला ते स्वच्छता मानीत नव्हते.

दुसरा धडा अधिक थोर. १९२४ साली इंदुरास वनस्पती-संशोधनाची संस्था निघाली. कृषी महाविद्यालयाची ती जागा आपण सर्वांनी पाहिलेली आहे. तेथे अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी पिकांचा पालापाचोळा, शेण, गोठ्यातील मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते ठरावीक दिवसांनी उलथून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची पद्धत बसविली. १९३१ साली दोघांच्या नावाने शेतीतील टाकाऊ पदार्थांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरास आलेल्या गांधीजींनी हे काम पाहिले. मातीतून जे घेतले ते मातीला परत केले पाहिजे, हा हॉवर्डसाहेबांचा सिद्धान्त. त्यातून इंग्लंड-अमेरिकेत सेंद्रिय शेतीची चळवळ उभी राहिली आणि तेथील शेतकरी ‘इंदूर पद्धत’ हे नाव घेऊ लागले. त्या ग्रंथावर हॉवर्डसाहेबांच्या नावाशेजारी एक वाड होते, हे मात्र आपल्याच मराठी घरांत क्वचितच कोणी सांगते.

हे सारे आम्ही पूजेनंतर आमच्या स्नेह्यांपाशी काहीशा आवेशाने बोललो. ते पंचाहत्तरीला आले आहेत. कारखाना आता चिरंजीव पाहतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “तुम्ही मासिकात लिहिता ना? मग हेही लिहा. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी आमच्याकडे प्लेटिंगचे काम होते. ॲसिडचे पाणी आम्ही मागच्या नाल्यात सोडत होतो. कायदा १९७४ पासून होता आणि तो मला ठाऊक होता. ते पाणी शुद्ध करायचे म्हटले असते तर नगामागे भाव वाढला असता आणि माल शेजारच्या शेडमधून गेला असता. चाळीस माणसे माझ्याकडे होती. त्यांना घरी पाठवायचे होते का? आणि तो माल घेतला कोणी? तुमच्या घरातला नळसुद्धा त्याच पाण्यातून निघालेला असेल.”

आम्हांला उत्तर सुचले नाही, हे प्रांजळपणे कबूल करतो. स्नेह्यांचे म्हणणे खोटे नव्हते. त्यांनी खर्च वाचविला, आम्ही स्वस्त नळ घेतला, आणि राहिलेला पैसा चुकता केला तो नदीकाठच्या शेतकऱ्याने, ज्याने कधी तो नळ पाहिलाही नव्हता. चाळीस माणसांची पोटे भरली हे खरे. पण पुढे त्याच पाण्यावर किती जणांची शेते आणि विहिरी होत्या, ते मोजण्याचे कोणाच्याच मनात आले नाही. पर्यावरणवाद कारखाने बंद करा म्हणतो, असा एक समज आहे. आमच्या समजुतीप्रमाणे त्याचे पहिले मागणे एवढेच की, बिल पुरते लिहा आणि ज्याचे त्याला द्या.

१९८४ साली आपल्याच राज्यात भोपाळला जे घडले त्याचे बिल किती लांबवर फिरत राहिले, ते पाहा. त्या कारखान्यातील ३३७ टन विषारी कचरा चाळीस वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये, पीथमपूरला जाळण्यासाठी आणला गेला, तेव्हा तेथील लोक रस्त्यावर उतरले. त्यांचा प्रश्न साधा होता: भोपाळच्या वेशीबाहेर म्हणजे आमच्या वेशीच्या आत ना? सांवेर तालुक्यातील माणूस हाच प्रश्न आपणां इंदूरकरांना विचारू शकतो.

निराश होण्याचे मात्र कारण नाही. २०१७ पासून आपले शहर स्वच्छतेत सतत वरच्या क्रमांकावर आहे, आणि ते केवळ अधिकाऱ्यांच्या हुकमाने झालेले नाही. ओला कचरा निराळा आणि सुका निराळा ठेवण्याची सवय घरोघरच्या गृहिणींनी लावून घेतली, म्हणून ते साधले. त्या ओल्या कचऱ्यापासून देवगुराडियाला २०२२ पासून वायू आणि खत तयार होते. भाजीच्या देठाला मातीची वाट दाखविणारी आपली सूनबाई हॉवर्ड आणि वाड यांचाच सिद्धान्त पाळीत असते, मग तिने त्यांची नावे ऐकलेली असोत वा नसोत. नाल्यांची तोंडे बांधली गेली, कबीटखेडीला मोठे शुद्धीकरण केंद्र झाले. जुलै २०२४ मध्ये सांवेर रोडच्या बाजूच्या रेवती रेंजवर एका दिवसात अकरा लाखांहून अधिक रोपे लावली गेली. त्यांतील किती जगतात यावर त्या दिवसाची किंमत ठरेल. शिस्त आपल्या अंगी आहे. तिची हद्द तेवढी पुढे सरकवायची आहे, घराच्या उंबरठ्यापासून त्रिवेणीपर्यंत.

स्नेह्यांच्या चिरंजीवांनी आता कारखान्यात पाणी शुद्ध करण्याची टाकी बसविली आहे. तिचा महिन्याचा खर्च पाहून वडील प्रथम चिडले होते. “आता तो कागद मीच मागून घेतो आणि सही करतो. जुनी बाकी आहे माझी,” असे ते निरोप देताना म्हणाले.

वाचकांना आमची एक विनंती आहे. दर्शनासाठी वा एखाद्या दुःखद कार्यासाठी उज्जैनला जाल तेव्हा त्रिवेणीपाशी थोडे थांबावे. दोन पाणी जेथे मिळतात ती जागा मुलांना दाखवावी आणि त्यांतील एक पाणी आपल्या घरून आले आहे, हे त्यांना सांगावे.

परतताना तोच पूल लागला. या वेळी आम्ही काच खाली ठेवली. इतरांनीही, का कोण जाणे, हात आवरला. वास आला आणि भाचीच्या लग्नाची हकीकत थांबली. थोड्या वेळाने मागून कोणीतरी विचारले, “हे पाणी पुढे कुठे जाते हो?” उत्तर गाडीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते.