गाफील

परवा वागळे इस्टेटमधल्या आमच्या घरी चिरंजीवांनी मला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायला बसवले. १९७४ सालचा हा अमेरिकन खेळ. फासे टाकायचे नि कागदावर लढायचे. आम्ही चौघे वीर, समोर सहा दरोडेखोर. ‘त्यात काय!’ असे मी म्हणतो तोच ते झाडीतून तुटून पडले. गाफिलाची पहिली खेळी फुकट, हा २०१४ चा नियम. माणसे तेवढीच, पण आमचा हात उठण्याआधीच दोघे आडवे! २०२४ मध्ये ही शिक्षा सौम्य झाली म्हणे. चिरंजीवांचे पुस्तक जुने.

फेब्रुवारी १६६१ मध्ये खोपोलीजवळच्या उंबरखिंडीत कारतलबखान असाच सापडला. वर्गात ती गोष्ट सांगताना पंधरा वर्षे मी त्याला हसत आलो. खान खंडणी देऊन सुटला. मी चकल्यांचा डबा देऊन.