मौनाला वाचा देणारी लेखिका : जॉय कोगावा

कॅनडा म्हणजे बर्फ, सुबत्ता आणि सर्वांना सामावून घेणारा देश, अशीच आपली समजूत असते. याच देशाने एकेकाळी आपल्याच नागरिकांना केवळ वंशावरून शत्रू ठरवले होते. ही हकीकत कादंबरीतून घराघरांत पोहोचवणाऱ्या कवयित्री जॉय कोगावा यांची ओळख या महिन्यात आम्ही वाचकांना करून देत आहोत.

जॉय यांचा जन्म १९३५ साली व्हँकुव्हर शहरात एका जपानी कुटुंबात झाला. वडील ख्रिस्ती धर्मगुरू होते. घरात पुस्तके होती, पियानो होता. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि सारे चित्र पालटले. पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे २२,००० जपानी वंशाच्या लोकांना घरे सोडावी लागली. यांतले बहुतेक कॅनडाचेच नागरिक होते. त्यांच्या होड्या जप्त झाल्या, घरेदारे सरकारने परस्पर विकून टाकली. सहा वर्षांच्या जॉयची रवानगी कुटुंबासह डोंगरातल्या स्लोकन गावी झाली. युद्ध संपल्यावरही घरी परतता आले नाही. अल्बर्टातील कोलडेल गावी नवा संसार मांडावा लागला. किनाऱ्यावर परतण्याची बंदी उठली ती १९४९ साली.

पुढे जॉय शिक्षिका झाल्या, लग्न झाले, दोन मुले झाली. १९६७ साली पहिला कवितासंग्रह आला. पण त्यांचे नाव झाले ते १९८१ च्या ‘ओबासान’ या कादंबरीने. ओबासान म्हणजे चाची किंवा मावशी. कादंबरीतली चाची सारे सोसते, पण तोंडातून शब्द काढत नाही. दुसरी मावशी एमिली गप्प बसत नाही. ती पत्रे लिहिते, कागदपत्रे जपते. या दोघींच्या मध्ये नेओमी वाढते. आजीला भेटायला जपानला गेलेली तिची आई परत का आली नाही, हे मोठ्यांना ठाऊक असते. मुलांना दुःख नको म्हणून ते सांगत नाहीत. आई नागासाकीच्या अणुबॉम्बची बळी ठरली होती, हे नेओमीला कळते तेव्हा ती छत्तिशीत आलेली असते.

मोठ्यांचे मौन मायेपोटीच असते. तरीही ते मुलांना पोरके करते, हे या कादंबरीइतके नेमके सांगणारे पुस्तक आमच्या पाहण्यात क्वचितच आले आहे.

जॉय नुसत्या लिहून थांबल्या नाहीत. न्यायासाठी उभ्या राहिलेल्या चळवळीतही त्या उतरल्या. २२ सप्टेंबर १९८८ रोजी पंतप्रधान ब्रायन मल्रोनी यांनी संसदेत माफी मागितली. हयात असलेल्या प्रत्येक पीडिताला २१,००० डॉलर देण्याचे ठरले. त्या दिवशी सभागृहात ‘ओबासान’मधला उतारा वाचला गेला.

सरकारला जाब विचारणे एकवेळ सोपे असते. आपल्याच घराला विचारणे फार अवघड. १९९५ साली आलेल्या ‘द रेन असेंड्स’ या कादंबरीतल्या मुलीला कळते, की धर्मगुरू असलेल्या आपल्या बापाने मुलांवर अत्याचार केले आहेत. हे सत्य आपल्या स्वतःच्या वडिलांविषयीचे आहे, हे जॉय यांनी पुढे जाहीरपणे मान्य केले. वडिलांवर प्रेम करणाऱ्या लेकीला त्याची काय किंमत मोजावी लागली असेल, याची कल्पना कोणालाही येईल.

व्हँकुव्हरचे त्यांचे बालपणीचे घर पाडले जाणार होते. लोकांनी वर्गणी काढून २००६ साली ते वाचवले. आज तिथे लेखक राहायला येतात आणि लिहितात.

आपल्या घरांतल्या दादी-नानींनीही स्थलांतर, दंगल, उपासमार असे बरेच काही मनात दडवलेले असते. त्यांच्याशेजारी बसून हळुवारपणे विचारावे आणि त्या जे सांगतील ते लिहून ठेवावे, एवढेच आमचे वाचकांना सांगणे आहे.