दंड कारखान्याचा, विहीर आमची



दसरा-दिवाळी आली की जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात, गव्हाणीत मोळी पडते आणि पुढचे चार-पाच महिने गाळप चालते. राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूरचे नाव पहिल्या रांगेत आहे. त्याच महिन्यांत आपला कापूस वेचणीला असतो आणि रब्बीची ज्वारी पोटरीत येऊन निसवते. ज्या जिरायतदाराकडे एखादी विहीर आहे, तो ज्वारीला एक पाणी देतो आणि धान्य व कडबा दोन्ही वाचवतो. नेमक्या याच दिवसांत ओढ्याला काळे, वास मारणारे पाणी आले तर जनावर तोंड लावत नाही आणि ओढ्याकाठची विहीर नासते. ज्याने उसाचे एक टिपरू कधी लावले नाही, तो उसाच्या उद्योगाची किंमत चुकती करतो.

हे पाणी सोडायला परवानगी आहे का? आहे आणि नाहीही. १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंधक कायद्याच्या कलम २५ प्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीशिवाय कोणत्याही कारखान्याला सांडपाणी सोडता येत नाही. त्या संमतीपत्रात अटी असतात. साखर कारखान्याने टनामागे २०० लिटरपेक्षा जास्त सांडपाणी सोडायचे नाही, असा २०१६ सालचा नियम आहे. दिवसाला ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्याला म्हणजे १० लाख लिटर. तेही शुद्ध करून. नदी-नाल्यात सोडायचे असेल तर त्या पाण्याची बीओडी, म्हणजे पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकण्याची ताकद, लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत हवी. आता डिस्टिलरीचे बघा. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतो. त्याची बीओडी लिटरला ४० ते ५० हजार मिलिग्रॅम असते, साखर कारखान्याला घातलेल्या मर्यादेच्या हजारपटीहून जास्त. म्हणून डिस्टिलरीने स्पेंटवॉशचा थेंबही बाहेर सोडायचा नाही, असा दंडक आहे. ओढ्याला स्पेंटवॉश दिसला की उल्लंघन झाले, त्यात किती आणि कसे याचा वादच उरत नाही.

नियम असे कडक असतील, तर मग ओढा काळा का होतो? कारण उल्लंघनाचा सारा निवाडा दोघांतच होतो. मंडळ नोटीस काढते. कारखाना खुलासा देतो, दुरुस्ती चालू आहे म्हणतो, मुदत मागतो. मुदत संपेपर्यंत हंगाम संपतो. पाऊस पडला की ओढा धुऊन निघतो आणि फाईल कपाटात जाते. या सगळ्या पत्रव्यवहारात ज्याची विहीर नासली त्याचे नाव कुठेच नसते. परवाना कारखाना आणि मंडळ यांच्यातला, पण पाणी आपल्या बांधात शिरते. तेव्हा या व्यवहारातले तिसरे पक्षकार आपण आहोत, आणि उल्लंघनाचा निकाल आपल्यासमोर लागला पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

दंड वाढवा, ही ओरड आम्ही करणार नाही. २०२४ साली संसदेने या कायद्यात दुरुस्ती केली. पुष्कळ गुन्ह्यांची कैद काढून त्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आणला. ज्या राज्याचे विधिमंडळ ठराव करील तिथे ती लागू होते. आता हिशेब करा. दिवसाला ५,००० टन ऊस, टनाला ३,००० रुपये धरले तरी एका दिवसात दीड कोटीचा ऊस गव्हाणीत पडतो. पंधरा लाख त्याचा दहावा हिस्सा. अशा दंडाने कोण सुधारेल? शिवाय तो पैसा सरकारी निधीत जातो, विहिरीवाल्याच्या पदरात दमडीही पडत नाही.

मोठा दंडही टिकतोच असे नाही. उत्तर प्रदेशातल्या खतौलीचे उदाहरण प्रत्येक बैठकीत सांगण्यासारखे आहे. तिथल्या साखर कारखान्याला राष्ट्रीय हरित लवादाने २०२२ साली १८ कोटी रुपयांची भरपाई भरायला सांगितली. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण नमुने घेण्याची कायद्याने सांगितलेली रीत पाळली नव्हती आणि कारखान्याला बाजू मांडण्याची नीट संधी दिली नव्हती. रीत कलम २१ मध्ये आहे. अधिकाऱ्याने नमुना घेतानाच कारखान्याला नोटीस द्यायची, त्याच्या माणसासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्हींवर सील आणि दोघांच्या सह्या. हे चुकले तर तो अहवाल कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. घाईत भरलेली एक बाटली कारखान्याला वाचवते. म्हणून मंडळाचा माणूस नमुना घ्यायला आला की गावातली चार माणसे तिथे उभी पाहिजेत, वाद घालायला नव्हे तर सील आणि सह्या बघायला.

कोणी म्हणेल, तुम्ही कारखाना बंद पाडायला निघालात, उभा ऊस कुठे घालायचा? ऊसवाला आमचाच भाऊ आहे. त्याचा ऊस फडात वाळावा असे आम्हाला वाटत नाही. ही भीती घालणारे एक गोष्ट सांगत नाहीत. कलम ३३-अ प्रमाणे मंडळाला सबंध कारखाना बंद करावाच लागतो असे नाही. कोणतीही एक क्रिया, एक विभाग बंद ठेवण्याचा आदेश मंडळ देऊ शकते, त्या विभागाची वीज आणि पाणी तोडू शकते. डिस्टिलरीचा स्पेंटवॉश ओढ्यात आला तर डिस्टिलरी थांबवा, गाळप चालू द्या. साखरेच्या बाजूचे पाणी अशुद्ध असेल तर शुद्धीकरण प्रकल्पाला झेपेल तेवढेच गाळप करा. ऊसवाल्याला जिरायतदाराच्या अंगावर घालणारे संचालक दोघांनाही फसवतात.

इथेनॉल व्हावे ही शेतकऱ्यांचीच जुनी मागणी होती. कारखानदारीवर आमचा राग नाही, इन्स्पेक्टर राजवर आमचे प्रेम तर मुळीच नाही. पण उद्योगाचे स्वातंत्र्य म्हणजे आपली घाण शेजाऱ्याच्या बांधावर लोटायची मुभा नव्हे. पाणी शुद्ध करायला खर्च येतो. तो खर्च कारखान्याने केला नाही तर तो नाहीसा होत नाही, जिरायतदाराच्या खात्यावर पडतो. शेतीमालाला भाव न देता सरकारने आपल्यावर उणे सबसिडी लादली, तशीच ही दुसरी उणे सबसिडी आहे. फरक इतकाच की ही आपल्याच तालुक्यातला कारखाना वसूल करतो.

तेव्हा या हंगामासाठी आमचे सांगणे असे.

पहिले, गाळप सुरू होण्याआधी ओढ्याकाठच्या विहिरींचे पाणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि पावती जपून ठेवा. आधीचे पाणी कसे होते याचा कागद नसेल तर नंतर नासले हे सिद्ध करायला जन्म जातो.

दुसरे, कारखान्याचे संमतीपत्र मागा. सांडपाण्याच्या अटींची नोंदवही मंडळाने ठेवायची आणि त्या पाण्याची झळ लागणाऱ्या माणसाला ती पाहू द्यायची, असे कलम २५ मध्येच लिहिले आहे. साखर कारखाने आणि डिस्टिलऱ्यांच्या सांडपाण्यावर यंत्राने चोवीस तास नजर ठेवावी, असा केंद्रीय मंडळाचा २०१४ सालचा आदेश आहे. ज्या रात्री ओढा काळा झाला त्या रात्रीचे आकडे माहितीच्या अधिकारात मागा.

तिसरे, काळे पाणी आले की त्याच दिवशी तारीख, वेळ आणि ठिकाण लिहून मंडळाच्या सोलापूरच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोहोच घ्या, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. अपघाताने पाणी सुटले असेल तर ताबडतोब कळवण्याची जबाबदारी कलम ३१ प्रमाणे कारखान्याची आहे. त्याने कळवले का, हेही विचारा. मंडळ हलले नाही तर कलम ४९ प्रमाणे साठ दिवसांची नोटीस देऊन कोणालाही स्वतः कोर्टात फिर्याद करता येते.

चौथे, भरपाई मागा. हरित लवादाचे खंडपीठ पुण्यात आहे, आणि नुकसानीचे कारण पहिल्यांदा घडल्यापासून पाच वर्षांच्या आत तिथे भरपाईचा अर्ज करता येतो. प्रदूषण करणाऱ्याकडून मंडळांनाही नियम ठरवून नुकसानभरपाई वसूल करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले आहे. जिल्ह्याच्या बैठकीत ठराव व्हावा तो याचा: उल्लंघनाचा पैसा आधी विहिरीवर खर्च झाला पाहिजे.

केंद्रीय मंडळाने २०१८ साली देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. ३५१ पट्ट्यांपैकी ५३ एकट्या महाराष्ट्रात निघाले, देशात सर्वांत जास्त. भीमा आणि सीना दोन्ही त्या यादीत आहेत. नदीची मोजणी करायला दिल्ली आहे. ओढ्याची आणि विहिरीची मोजणी दुसरे कोणी करणार नाही, ती आपल्यालाच करायची आहे. पहिली मोळी पडायच्या आत पाण्याची पहिली बाटली भरा.