चौदा दिवसांचे माप

दुसऱ्यासाठी वर्षानुवर्षे प्रार्थना करणारा ख्रिस्ती माणूस देवाचे कान किटवतो, असे एका टीकाकाराने नुकतेच मोठ्या आत्मविश्वासाने मांडले. देव सर्वज्ञ असेल तर त्याला सांगायला नको, दयाळू असेल तर विनवायला नको. शिवाय ही प्रार्थना प्रयोगात निष्फळ ठरलीच आहे, असा त्याचा युक्तिवाद. पहिल्या दोन मुद्द्यांत नवे काही नाही. मागण्याआधीच बापाला तुमची गरज ठाऊक असते, हे येशूने सांगितले आणि लगेच मागायला शिकवले. बाप दयाळू आहे म्हणून मुलांनी मागणे सोडले, असे घर टीकाकाराने कुठे पाहिले?

राहिला प्रयोग. अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १८०२ रुग्णांचा हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. प्रार्थना झालेल्या आणि न झालेल्या रुग्णांत गुंतागुंतीचे प्रमाण जवळपास सारखेच, ५२ आणि ५१ टक्के होते. आपल्यासाठी प्रार्थना चालली आहे हे ज्यांना नक्की माहीत होते, त्यांच्यात ते ५९ टक्के निघाले. आकडे मला मान्य आहेत. पण मोजले काय? प्रार्थना करणाऱ्यांना रुग्णाचे पहिले नाव आणि आडनावाचे आद्याक्षर तेवढे दिले होते. मुदत चौदा दिवस, विनंतीचे शब्दही ठरवून दिलेले. ‘प्रार्थना न झालेल्या’ रुग्णांसाठी त्यांच्या आई-बायकांनी रात्र जागवली नसेल, याची हमी कोण देणार? औषधाची मात्रा मोजावी तशी ही मोजणी. १८७२ साली लंडनच्या एका नियतकालिकातही असाच हिशेब झाला होता: राजांच्या दीर्घायुष्यासाठी देशभर प्रार्थना होते, तरी ते अल्पायुषी का? उपासनेत रिवाजाने म्हटलेली ओळ आणि पोटातून आलेली विनवणी तेव्हाही एकाच तागडीत घातली गेली. लूकच्या शुभवर्तमानात मध्यरात्री दार ठोठावणारा माणूस स्वतःसाठी नव्हे, पाहुण्यासाठी भाकरी मागतो. त्याच्या आग्रहासाठी मूळ ग्रीक शब्द आहे तो निर्लज्जपणाचा. आद्याक्षराच्या चिठ्ठीवरून एवढी भीड कुणाची चेपेल?

प्रार्थना हे आळशाचे काम, हा आणखी एक जुना आक्षेप. १९०५ साली केडगावला पंडिता रमाबाईंनी बायकांना रोजच्या प्रार्थनेला बसवले, त्याआधी दुष्काळातल्या शेकडो मुली त्यांनी तिथे आणून जगवल्या होत्या. एवढे पुरे.

मग चिकाटीने साधते काय? मुलाने आफ्रिका सोडून रोमला जाऊ नये म्हणून संत ऑगस्टीनची आई मोनिका रात्रभर प्रार्थना करत राहिली. ऑगस्टीन त्याच रात्री तिला चकवून जहाजावर चढला. मागणे फेटाळले गेले, असेच कुणीही म्हणेल. पण पुढे मिलानमध्ये त्याला बिशप अँब्रोजची प्रवचने ऐकायला मिळाली आणि ३८७ च्या ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला. हा कार्यकारणाचा पुरावा नव्हे, हे मी कबूल करतो. मात्र तिने मुलाला वर्षानुवर्षे मनातून सोडले नाही, हे खरेच आहे, आणि माझ्या लेखी मध्यस्थीचा, म्हणजे दुसऱ्यासाठी केलेल्या प्रार्थनेचा, गाभा तोच. सदोम नगर वाचावे म्हणून देवाला विनवताना अब्राहाम पन्नास नीतिमानांपासून दहापर्यंत उतरला. प्रत्येक वेळी त्याला होकारच मिळाला. दहावर थांबला तो अब्राहाम.