सोप्या गटाचा अवघड हिशेब

ढाक्यात १८ नोव्हेंबर २०२५ रोजी बांगलादेशाने भारताला १-० असे हरविले तेव्हा आपल्याकडे हळहळ व्यक्त झाली ती शेजाऱ्याकडून पत्करलेल्या पराभवाची. तब्बल २२ वर्षांनी बांगलादेशाने भारतावर विजय मिळविला होता आणि तोही जागतिक क्रमवारीत आपल्यापेक्षा बराच खाली असताना. परंतु भारताच्या दृष्टीने ती लढत केवळ उपचारापुरती होती. २०२७च्या आशियाई चषक स्पर्धेचे दार त्याआधीच, १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा मैदानावर बंद झाले होते. सिंगापूरने त्या दिवशी भारताला २-१ असे नमविले आणि सौदी अरेबियात जानेवारी २०२७ मध्ये होणाऱ्या स्पर्धेत भारत नसणार, हे निश्चित झाले.

डिसेंबर २०२४ मध्ये क्वालालंपूरला पात्रता फेरीची गटवारी जाहीर झाली तेव्हाचे वातावरण आठवून पाहावे. सहा गटांत प्रत्येकी एक संघ मानांकित होता आणि त्या सहांत भारताचा समावेश होता. वाट्याला आले हाँगकाँग, सिंगापूर आणि बांगलादेश. इराण नाही, जपान नाही, आखातातला एकही संघ नाही. ‘याहून सोपा गट मागूनही मिळाला नसता’ असाच बहुतेकांचा सूर होता. त्या गटात पाच सामन्यांअंती भारताच्या खात्यावर जमा होते अवघे दोन गुण. सिंगापूरचे ११, हाँगकाँगचे ८, बांगलादेशाचे ५ आणि तळाला भारत. गटातून पुढे जाणार होता फक्त अव्वल संघ. तो मान सिंगापूरने पटकावला. १९८४ मध्ये यजमान म्हणून आशियाई चषकात खेळलेला हा संघ स्वतःच्या कामगिरीवर प्रथमच तेथे पोहोचला.

हा निकाल अनपेक्षित होता का? गटाची नावे पाहणाऱ्यांसाठी होता. भारताच्या आधीच्या दोन वर्षांचा हिशेब मांडणाऱ्यांसाठी नव्हता.

मुळात भारताला ही दुसरी संधी होती. पहिली संधी २०२६च्या विश्वचषक पात्रतेच्या दुसऱ्या फेरीत मिळाली होती. विश्वचषक ४८ संघांचा झाल्याने आशियाच्या थेट जागा चारवरून आठवर गेल्या आणि पात्रतेचे स्वरूपही बदलले. दुसऱ्या फेरीत ३६ संघ, नऊ गट आणि प्रत्येक गटातून दोन संघ पुढे. म्हणजे निम्मे संघ पार होणार होते. शिवाय त्या १८ संघांना आशियाई चषकाचे तिकीटही आपोआप मिळणार होते. राहिलेल्यांसाठी उरल्या फक्त सहा जागा. आधीच्या आवृत्तीत शेवटच्या पात्रता फेरीतून ११ संघ गेले होते, सहा गटविजेते आणि पाच सरस उपविजेते. पहिले दार रुंद झाले, दुसरे अरुंद झाले. पहिल्या दारातून आत शिरणे किती मोलाचे होते, याची जाणीव आपल्याकडे कितपत होती, अशी शंका येते.

त्या पहिल्या गटात कतार, कुवेत आणि अफगाणिस्तान होते. कतार पहिला येणार हे गृहीतच होते. शर्यत होती दुसऱ्या क्रमांकासाठी. सुरुवात तर झकास झाली. १६ नोव्हेंबर २०२३ रोजी मनवीर सिंगच्या गोलवर भारताने कुवेतला कुवेतमध्येच हरविले. त्यानंतर मात्र उतरण लागली. भुवनेश्वरला कतारकडून ०-३, अफगाणिस्तानविरुद्ध अबहा येथे गोलशून्य बरोबरी आणि गुवाहाटीत त्याच संघाकडून १-२ असा पराभव. देशाच्या संघटनेशी बिनसल्याने अफगाणिस्तानचे अनेक प्रमुख खेळाडू संघाबाहेर होते आणि तरीही हे घडले. सुनील छेत्रीचा तो १५० वा आंतरराष्ट्रीय सामना. पेनल्टीवर त्याने आघाडी मिळवून दिली, ती उत्तरार्धात दोन गोल स्वीकारून गमावली.

जून २०२४ मधल्या दोहाच्या लढतीबद्दल आजही तावातावाने बोलले जाते. भारत छांगटेच्या गोलमुळे आघाडीवर असताना गोलरेषेबाहेर गेलेला चेंडू कतारच्या खेळाडूने ओढून आत आणला, त्यावर गोल झाला आणि पंचांनी तो मान्य केला. अन्याय झाला, यात वाद नाही. पण गुणतक्ता काय सांगतो? त्याच्या पाच दिवस आधी, ६ जूनला, कोलकात्यात भारत कुवेतविरुद्ध खेळला. छेत्रीच्या निरोपाचा सामना म्हणून स्टेडियम ओसंडून वाहत होते. सामना गोलशून्य सुटला. त्या दिवशी भारताने एक गोल केला असता तर भारताचे गुण झाले असते सात. नंतर दोहात हरूनही ते सातच राहिले असते आणि अखेरच्या दिवशी अफगाणिस्तानला हरविल्यानंतरही कुवेत सहावर थांबला असता. म्हणजे कोलकात्यातल्या त्या एका न झालेल्या गोलची किंमत दुहेरी होती: विश्वचषक पात्रतेची पुढची फेरी आणि आशियाई चषकाचा थेट प्रवेश. दोहातला पंच सर्वांच्या लक्षात राहिला. कोलकात्यातली ती ९० मिनिटे विस्मृतीत गेली.

दोन्ही गटांतले मिळून भारताचे अकरा सामने एका ओळीत ठेवले की दुखणे कुठे आहे ते लपत नाही. एक विजय, चार बरोबरी, सहा पराभव. गोल केले पाच. सहा सामन्यांत एकही गोल नाही, पाच सामन्यांत प्रत्येकी एक. अकरांपैकी एकाही सामन्यात भारताला दुसरा गोल करता आलेला नाही. ज्या संघाची मजल एका गोलपलीकडे जात नाही, त्याला जिंकण्यासाठी दरवेळी आपले गोलजाळे अभेद्य ठेवावे लागते. बचावाची एक चूक म्हणजे बरोबरी, दोन चुका म्हणजे पराभव. हाँगकाँगला, काई टाकच्या नव्या स्टेडियमवर जून २०२५ मध्ये नेमके हेच झाले. पूर्वार्धात आशिक कुरुनियनने सोपी संधी दवडली आणि भरपाई वेळेत स्टीफन परेराच्या पेनल्टीवर सामना हातचा गेला.

उलट सिंगापूरकडे पाहावे. घरच्या मैदानावर त्यांनी हाँगकाँगशी गोलशून्य आणि भारताशी १-१ अशी बरोबरी केली. भारताच्या लढतीत तर संदेश झिंगनला उत्तरार्धाच्या प्रारंभीच लाल कार्ड मिळाल्याने प्रतिस्पर्धी दहा जणांवर आला होता. तरी रहीम अलीने ९० व्या मिनिटाला त्यांना गाठले. असा हा संघ, काही अजिंक्य वगैरे नव्हे. पण ढाका, मडगाव आणि हाँगकाँग या तिन्ही परक्या मैदानांवर तो जिंकला, आणि तिन्ही वेळा २-१ असाच. मडगाव आणि हाँगकाँगला तर आधी पिछाडीवर पडून. फातोर्डावर छांगटेने १४ व्या मिनिटाला भारताला पुढे नेले होते. सोंग उई-यंगने मध्यंतराच्या तोंडावर बरोबरी साधली आणि ५८ व्या मिनिटाला पुन्हा गोल केला. त्यानंतर अर्ध्या तासाहून अधिक वेळ हाताशी असूनही भारताला तो हवा असलेला एक गोल सापडला नाही.

घरच्या मैदानाचा विषय निघालाच आहे तर एक आकडा आणखी. या अकरांपैकी पाच सामने भारतात झाले: भुवनेश्वर, गुवाहाटी, कोलकाता, शिलाँग, मडगाव. एकही विजय नाही. १५ पैकी दोन गुण. शिवाय पाच सामन्यांसाठी पाच शहरे! फुटबॉलचा प्रसार व्हावा म्हणून सामने देशभर फिरवावेत, हे मैत्रीपूर्ण लढतींना शोभते. पात्रता सामन्यात खेळाडूंना गवताची उंची, वारा आणि प्रेक्षकांचा आवाज ओळखीचा असणे ही यजमानाची एकमेव हक्काची सवलत असते. जून २०२२ मध्ये आधीच्या आशियाई चषकाची अखेरची पात्रता फेरी झाली तेव्हा भारताचे तिन्ही सामने कोलकात्यात एकाच मैदानावर होते. भारताने तिन्ही जिंकले. त्यात याच हाँगकाँगचा ४-० असा फडशा पाडला होता.

तीन वर्षांत असे काय बदलले? हाँगकाँगचा प्रशिक्षक तरी बदलला. अॅश्ली वेस्टवूड हे इंग्लिश गृहस्थ भारतीय फुटबॉलला अनोळखी नाहीत. बंगळुरू एफसीला दोनदा आय-लीगचे विजेतेपद त्यांनीच मिळवून दिले, आणि त्या संघाचा कर्णधार होता छेत्री. गुवाहाटीत भारताला हरविणाऱ्या अफगाणिस्तानचे प्रशिक्षकही तेच होते. भारतीय संघ कुठे अडतो हे एका माणसाला दोन वेगवेगळ्या संघांसह अचूक ठाऊक होते. आपल्याकडे मात्र याच काळात तीन प्रशिक्षक झाले. इगोर स्टिमॅक यांची जून २०२४ मध्ये हकालपट्टी झाली. त्यांच्या जागी आलेले मनोलो मार्केझ एफसी गोवाचे प्रशिक्षकपदही त्याच वेळी सांभाळत होते. राष्ट्रीय संघाचे काम अर्धवेळ करता येते, हा शोध आपलाच. जुलै २०२५ मध्ये तेही गेले. मग खालिद जमील आले. महिंद्र युनायटेडकडून खेळलेला आणि मुंबई एफसीला वर्षानुवर्षे तगवून धरणारा हा मुंबईच्या मैदानांत मुरलेला माणूस. त्यांनी मध्य आशियातील काफा नेशन्स चषकात ताजिकिस्तानला २-१ असे हरवून आणि ओमानवर पेनल्टी शूटआऊटमध्ये मात करून तिसरा क्रमांक मिळविला तेव्हा आशा पालवल्या. त्या ताजिकिस्तानविरुद्धच्या सामन्यातले गोल कोणाचे होते? अन्वर अली आणि संदेश झिंगन, दोघेही बचावपटू.

आघाडीपटू का निपजत नाहीत, याचे उत्तर क्लबांच्या संघनिवडीत आहे. इंडियन सुपर लीगमध्ये मधल्या आघाडीपटूची जागा बहुतेक क्लब परदेशी खेळाडूला देतात. व्यवहार म्हणून ते चुकीचे नाही. गोल करणारा तयार मिळत असेल तर घडवत कोण बसेल? पण त्यामुळे भारतीय आघाडीपटू बाजूच्या पट्टीत किंवा राखीव खेळाडूंच्या बाकावर वाढतो. २०२४-२५च्या हंगामात भारतीयांमध्ये सर्वाधिक, १४ गोल केले ते चाळिशीतल्या छेत्रीने. निवृत्ती मागे घेऊन त्याला मार्च २०२५ मध्ये परत बोलवावे लागले, यात छेत्रीचा गौरव आहे तेवढीच व्यवस्थेची दिवाळखोरी. आणि लीग तरी वेळेवर कुठे होती? हक्कांच्या कराराचा तिढा न सुटल्याने सप्टेंबरात सुरू व्हायचा हंगाम डिसेंबर २०२५ पर्यंत सुरू झालेला नव्हता. सिंगापूरविरुद्धच्या दोन निर्णायक लढतींना खेळाडू उतरले ते त्या मोसमातला एकही लीग सामना न खेळता.

बांगलादेशाने इंग्लंडमध्ये घडलेल्या हमझा चौधरीला आणले, सिंगापूरचा सोंग मूळचा दक्षिण कोरियाचा. मग आपणही परदेशस्थ भारतीयांना खेळवावे, असा आग्रह आता वाढतो आहे. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारताचा पासपोर्ट घेतला. आईकडून त्याचे नाते मुंबईशी आहे. असे आणखी चार जण मिळाले तर हवेच आहेत. परंतु सोंग सिंगापूरच्या क्लबमध्ये २०१२ पासून खेळत होता आणि नागरिक झाला २०२१ मध्ये. त्याला तिथल्या लीगने घडविले, पासपोर्ट नंतर आला.

याच वर्षात भारताच्या महिला संघाने दाखविलेला रस्ता अधिक बोलका आहे. जुलै २०२५ मध्ये चियांग माई येथे त्यांच्या गटातूनही फक्त अव्वल संघच पुढे जाणार होता. मंगोलिया, तिमोर-लेस्ते आणि इराक यांच्यावर मिळून २२ गोल झाले, त्याचे फार कौतुक करण्याचे कारण नाही. खरी कसोटी होती यजमान थायलंडची. संगीता बासफोरने पहिला गोल केला, थायलंडने बरोबरी साधली आणि संगीतानेच ७४ व्या मिनिटाला दुसरा गोल केला. २-१. पात्रता फेरीतून आशियाई चषकात जाण्याची भारतीय महिलांची ती पहिलीच वेळ. पुरुषांच्या १७ वर्षांखालील संघानेही नोव्हेंबरच्या अखेरीस अहमदाबादला इराणला हरवून आपला आशियाई चषक गाठला, तोही २-१ असाच.

वरिष्ठ पुरुष संघाची पुढची मोठी परीक्षा आता २०३० च्या विश्वचषक पात्रतेची. जुलै २०२३ मध्ये ९९ व्या स्थानी असलेला भारत ढाक्यानंतर १४२ वर घसरला. गटवारी क्रमवारीवर ठरते. क्वालालंपूरला मानांकितांमध्ये असलेले आपले नाव पुढच्या वेळी तेथे असण्याची शक्यता या घसरणीने कमी केली आहे. तसे झाले तर गटात आपल्यापेक्षा वरचढ ठरविलेला एखादा संघ हमखास येईल, आणि ‘सोपा गट’ म्हणून आपल्याकडे बोट दाखविण्याची पाळी इतरांची असेल.