विकतचे निवेदन, उसनी तळमळ

‘तुला डॉक्टर का व्हायचे आहे?’ हा प्रश्न आपल्याकडील प्रवेशप्रक्रिया विचारतच नाही. ‘नीट’चे ७२० गुण आणि प्रवेशफेरी, एवढ्यावर भवितव्य ठरते. लोणावळा, कामशेत, वडगावची मुलेही याच शर्यतीत धावतात. त्यांपैकी जो इंग्लंडच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे अर्ज करतो, त्याला मात्र हे उत्तर लेखी द्यावे लागते. चार हजार अक्षरांच्या या ‘पर्सनल स्टेटमेंट’ची २०२६च्या प्रवेशापासून तीन प्रश्नांत विभागणी झाली आहे.

लबाडी येथूनच सुरू होते. पालक पैसे मोजतात, सल्लागार मजकूर पुरवतो आणि मुलगा तो स्वतःचा म्हणून पाठवतो. रुग्ण डॉक्टरच्या शब्दावर देह सोपवतो. ज्याचा पहिलाच शब्द विकतचा, त्याने पुढे रुग्णाशी खरे बोलावे, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

१८८३ साली आनंदीबाई जोशी या अठरा वर्षांच्या मराठी मुलीने पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी पत्र लिहिले. आपली पूर्वतयारी अपुरी ठरू शकेल, हे तिने लपवले नाही. पुरुषाकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या देशभगिनींची सेवा, हा हेतू तिने निःसंदिग्ध मांडला. समोरच्याला रुचेल ते बोलण्याचा मोह तिलाही पडू शकला असता. ख्रिस्ती होण्याचा सल्ला मिशनऱ्यांकडून आधीच मिळाला होता. तरीही त्याच वर्षी बंगालमधील श्रीरामपूरच्या सभेत तिने हिंदू म्हणूनच जाण्याचा आणि हिंदू म्हणूनच परतण्याचा निर्धार जाहीर केला. १८८६ मध्ये ती एम.डी. झाली.

मग मावळच्या मुलाला शब्द उसने का घ्यावे लागतात? भरपावसातील भातलावणी, खाचरातील सर्पदंश, आडगावातून रुग्णाला मोठ्या रस्त्यापर्यंत आणताना होणारी धावपळ, घाटातील अपघात, हे सारे त्याच्या भोवतीच घडते. ते डोळसपणे पाहणाऱ्याच्या चार साध्या ओळींपुढे सल्लागाराची गुळगुळीत पाने फिकी पडतील.

‘मुलाचे इंग्रजी कच्चे आहे’, ही सबब पुढे केली जाईल. शिक्षकांनी व्याकरण अवश्य तपासावे. हेतू मात्र मुलाचाच हवा. आणि तो हेतूच सापडत नसेल, तर दोष इंग्रजीचा नव्हे. अशा मुलासाठी निवेदन विकत घेण्याऐवजी, त्याला खरोखर डॉक्टर व्हायचे आहे काय, हे पालकांनी आधी घरातच विचारावे.